नटाचा जमाखर्च

व्यवसायवादी : राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचे रौप्यपदक मिळालेला एखादा तरुण नागपुराहून, जळगावाहून किंवा कोल्हापुराहून मुंबईस येतो, नालासोपाऱ्यास तिघाचौघांच्या भागीत खोली घेतो, आणि आपल्या अंगचा गुण कोणी तरी जाणता मनुष्य एक दिवस ओळखील या भरवशावर वर्षे घालवतो, हे जेव्हा मी पाहतो तेव्हा त्याच्या निष्ठेविषयी आदर वाटूनही त्याच्या गाफीलपणाची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. त्याला काम देणारी जी माणसे आहेत त्यांची निकड काय, त्यांची मुदत काय, त्यांच्यापाशी पैसा किती, आणि त्यांच्या मनातील पात्राला आपला चेहरा, आपला आवाज, आपली बोली कितपत लागू पडते, यांपैकी एकाही प्रश्नाचा विचार त्याने केलेला नसतो. वर्सोव्याच्या आरामनगरात तो दारोदार हिंडतो, दारात उभा असलेला एखादा पोरसवदा साहाय्यक क्षणभर त्याच्याकडे पाहून 'नॉट फिट' एवढेच म्हणतो, आणि तो निकाल आपल्या कलेवरचा आहे असे समजून हा खचतो. वस्तुतः तो निकाल त्या दिवशी हव्या असलेल्या एका वयाच्या, एका उंचीच्या, एका ठेवणीच्या मनुष्याविषयी असतो. माझे म्हणणे असे की, नटाने आपल्या उपजीविकेकडे धंदा म्हणून पाहावे. कोणत्या भूमिकांत आपण सहज पटतो हे त्याने निःपक्षपाताने ठरवावे. आपली छायाचित्रे आजच्या चेहऱ्याची ठेवावीत. कोणाला भेटलो, कोणते ऑडिशन दिले, त्याचे पुढे काय झाले, याची नोंद करावी. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. आणि हाती आलेल्या पैशातून काही महिन्यांचा खर्च बाजूस काढावा. यात कलेचा अपमान कोठे होतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

साशंक : नोंद ठेवण्यास किंवा करारनामा वाचण्यास कोणाचीच हरकत असू नये, आणि आपला उपदेश तेवढ्यावर थांबता तर आपल्यात वाद करण्याजोगे काही उरले नसते. परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. इतर कोणत्याही धंद्यात माल आणि मालक हे निराळे असतात; कापडाचा भाव पडला म्हणून कापडवाल्याच्या अंगावरचे मांस झडत नाही. नटाचा माल म्हणजे त्याचे शरीर, त्याचा कंठ, त्याचे वय, त्याचा स्वभाव. आणि हा माल रोज बाजारात मांडायचा तर ग्राहकाची नजर त्याला आपल्या अंतःकरणातच कायमची वस्तीस आणावी लागते. ज्याला भूमिकेत शिरताना आपण कसे दिसतो याचा विसर पडणे अत्यावश्यक आहे, त्यालाच आपण सांगता की, तू कसा दिसतोस याचे भान तुला अष्टौप्रहर असले पाहिजे. शिवाय, कोणत्या भूमिकांत आपण पटतो हे बावीस वर्षांच्या मुलाने ठरवायचे म्हणजे काय करायचे? ज्या प्रदेशात त्याने अद्याप पाऊल टाकलेले नाही त्याची हद्द आधीच आखून घ्यायची. निळूभाऊ फुल्यांचे उदाहरण घ्या. कमालीच्या मृदू स्वभावाचा हा सेवादलाचा कार्यकर्ता; पण चित्रपटाच्या बाजाराला त्यांच्यात गावगुंड पाटील आणि मग्रूर सरपंच दिसला, आणि मग शेकडो वेळा तोच दिसत राहिला. आपल्या शास्त्राप्रमाणे हा धंद्याचा उत्कर्ष म्हणावा लागेल, कारण मागणी निश्चित होती आणि पुरवठा अचूक. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये पत्रकार दिगू टिपणीसाच्या रूपाने जो नट समोर आला, त्याला किती वर्षे त्या पाटलाच्या फेट्याखाली बसून राहावे लागले असेल, याचा विचार मनात आला की मला आपल्या त्या 'सहज पटणाऱ्या' भूमिकांची भीती वाटू लागते.

व्यवसायवादी : निळूभाऊंचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण ते आपल्यापेक्षा माझ्या उपयोगाचे आहे. 'सामना'तला हिंदुराव पाटील आणि 'सिंहासन'मधला टिपणीस या दोन्ही भूमिका त्यांना ज्यांच्याकडून मिळाल्या त्या जब्बार पटेलांसारख्या दिग्दर्शकांना हा मनुष्य ठाऊक होता, याचे कारण तो त्याआधी दिसत होता. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' उभा करून त्याने आपली झेप दाखवलेली होती. पाटलाच्या भूमिकांनी घर चालले नसते, तर लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा गुणी मनुष्य नट म्हणून टिकला असता की नाही, हे कोण सांगणार? बाजाराने दिलेला साचा हा तुरुंग होऊ शकतो हे मी मान्य करतो. पण ज्याला कोणताच साचा मिळाला नाही, त्याला साचा मोडण्याची संधीही मिळत नाही.

आणि हा बाजार काही काल-परवा आलेला नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली ते अधिपती निवर्तले, आश्रय आटला, आणि दोनच वर्षांनी भाव्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकांपुढे उभी राहिली. राजाश्रय संपताच आपली रंगभूमी तिकिटावर जगू लागली, आणि तिकिटावर जगली म्हणूनच ती किर्लोस्करांपर्यंत येऊन पोहोचली. आता याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहा, आणि ते पाहताना मला नेहमी क्लेश होतात. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोन्ही भागीदार एकामागून एक निघून गेले, आणि मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली ती कर्जाच्या बोजासकट. मागणीची वाण होती काय? ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' मुंबईत झाला, तेव्हा लोकांची जी झुंबड उडाली तिच्या आठवणी महाराष्ट्राने पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या. अस्सल शालू, अस्सल अत्तरे, तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष, असे वैभव ज्या रंगमंचावर नांदत होते, तेथे उणे होते ते एवढेच की, आज आले किती आणि गेले किती हे संध्याकाळी निष्ठुरपणे विचारणारे कोणी नव्हते. ते विचारणारा मनुष्य असता तर बालगंधर्वांच्या गळ्यातला एकही स्वर कमी झाला नसता, आणि त्यांची उतारवयातली वर्षे निश्चिंत गेली असती.

साशंक : आपण सांगितलेला इतिहास खरा आहे, परंतु त्यात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते आहे असे मला वाटते, आणि माझ्या सगळ्या आक्षेपाचे मूळ तेथेच आहे. त्या काळात धंदा कोण करीत होते? मंडळी करीत होती. मालक करीत होता. नट हा त्या मंडळीचा पगारी मनुष्य होता. दहा-बारा वर्षांचा, गोड गळ्याचा मुलगा मंडळीत दाखल होई. तालीममास्तर त्याला शब्दोच्चार शिकवी, गवई त्याचा गळा तयार करी. पंगतीत त्याला जेवण मिळे, बिऱ्हाडात पथारी मिळे. मुक्कामावर पाऊस लागला आणि प्रयोग बंद पडला तरी त्या दिवशीचे अन्न कोणी त्याच्या पगारातून कापीत नसे. कर्ज झाले ते बालगंधर्व या मालकाच्या शिरावर. मागच्या ओळीत उभे राहून साथ करणाऱ्या पोराच्या दारात सावकार येऊन बसला नाही. धोका पत्करणारा एक आणि काम करणारे अनेक, अशी ती रचना होती. प्रभात फिल्म कंपनीतसुद्धा नट महिन्याच्या पगारावर असत, आणि चित्र पडले तर तोटा कंपनीचा होई.

आता आपण ज्या तरुणाला धंदा करावयास सांगता त्याची स्थिती पाहा. मंडळी गेली, कंपनी गेली; तालीम त्याने स्वतःच्या खर्चाने घ्यावयाची, छायाचित्रे स्वतःच्या खर्चाने काढावयाची, व्यायामशाळेची फी स्वतः भरावयाची, ऑडिशनसाठी दोन-दोन तास लोकलने स्वतःच्या तिकिटाने जावयाचे, किंवा घरच्या घरी भिंतीला पांढरी चादर लावून सेल्फ टेप करून पाठवावयाची आणि तिचे काय झाले हे कधीच कळणार नाही हेही गृहीत धरावयाचे. व्यावसायिक नाटकात काम मिळाले तर त्याला 'नाईट' मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे आणि नाही झाला तर नाही. तालमीचा महिना-दीड महिना बहुधा फुकटच जातो. मालिकेत काम मिळाले तर ९० दिवसांनी पैसे देण्याचा प्रघात, म्हणजे तीन महिने त्या नटाने निर्मात्याला बिनव्याजी कर्ज दिल्यासारखेच झाले. पूर्वी जो धोका भांडवलवाला मालक उचलीत होता, तो सगळा तुकडे-तुकडे करून भांडवल नसलेल्या मनुष्याच्या खांद्यावर ठेवला गेला, आणि वर त्याला असे सांगण्यात आले की, तू आता कोणाचा नोकर नाहीस, तू स्वतःच एक धंदा आहेस. मालकी दिली ती जबाबदारीची. अधिकाराची दिली नाही. ज्याला भाव ठरविता येत नाही, ज्याच्याऐवजी दाराबाहेर उभ्या असलेल्या शंभर जणांपैकी कोणालाही उचलता येते, त्याचा व्यवहार हा कोणत्या अर्थाने धंदा, हे मला आपल्याकडून समजून घ्यावयाचे आहे. माझी भीती अशी की, आपल्या उपदेशामुळे तो जास्त कार्यक्षम होईल, पण अधिक स्वतंत्र होणार नाही. आणि अपयश आले तर ते या रचनेचे आहे असे न समजता, आपणच धंद्यात कमी पडलो अशी खंत तो जन्मभर बाळगील.

व्यवसायवादी : आपल्या या बोलण्यातला मोठा भाग मला नाकारता येत नाही, आणि तो नाकारण्याची माझी इच्छाही नाही. धोका खाली सरकवला गेला आहे, हे खरे. तथापि जुन्या मंडळ्यांचे चित्र आपण रेखाटता ते थोडे अधिक उजळ आहे. त्या पंगतीत जेवणाऱ्या मुलाचे शाळाशिक्षण संपलेले असे. आवाज फुटला आणि गोडवा गेला की त्याची किंमतही जाई. आणि त्या बिऱ्हाडाच्या दारातून स्त्रीला प्रवेशच नव्हता. १९३३ साली नाट्यमन्वंतराच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर आल्या तेव्हा तो एक बंडाचा प्रसंग वाटावा अशी परिस्थिती होती. मालक अन्न देत होता. पण कोणाला द्यावयाचे हेही तोच ठरवीत होता. आज बीडची किंवा गडचिरोलीची मुलगी, जिला मुंबईचे रेल्वेभाडे परवडत नाही आणि जिच्या घरी तिला मुंबईस पाठवावयास कोणी तयार नाही, ती आपल्या खोलीत उभी राहून, आपल्या बोलीत, चार मिनिटांचे काम करून ते पाठवू शकते. त्या सेल्फ टेपला उत्तर न येण्याचा अन्याय मला दिसतो. परंतु जिचा आवाज पूर्वी गावाच्या वेशीबाहेर पोहोचलाच नसता, तिच्या दृष्टीने तो पाहिला पाहिजे.

दुर्बळाला हिशेब कशाला, असे आपण सुचवता. मी म्हणतो, दुर्बळालाच हिशेब हवा. बलवानाचे त्यावाचूनही निभते. जिच्यापाशी तीन महिन्यांचे भाडे शिल्लक आहे, तीच मुलगी रात्री अकरा वाजता 'भूमिकेविषयी चर्चा करण्यासाठी' हॉटेलात बोलावणाऱ्या माणसाला निर्भयपणे नाही म्हणू शकते. जिच्यापाशी काही नाही तिच्या तोंडून तो नकार बाहेर पडतो तेव्हा त्यासोबत तिचा संसारही पणाला लागतो. ज्याने करारातले 'एक्सक्लुझिव्ह' हे कलम वाचले आहे, तोच सही करण्यापूर्वी विचारू शकतो की, या वर्षात मला नाटक करता येईल की नाही. ज्याने किती दिवस काम केले हे रोजच्या रोज टिपून ठेवले आहे, त्याच्याच तगाद्याला कचेरीत उत्तर मिळते, आणि प्रकरण संघटनेकडे न्यावयाची वेळ आली तर कागद त्याच्या बाजूने बोलतो. काम मिळविण्यासाठी धंदा करावा असे मी म्हणतो खरा; पण त्या धंद्याचे खरे फळ, नकार देण्याचे सामर्थ्य, हेच आहे असे मी मानतो.

साशंक : हे आपण म्हणालात, आणि ते ऐकून मला खरोखर समाधान वाटले, कारण नकाराचे सामर्थ्य हा या प्रश्नाचा गाभा आहे याविषयी आपल्यात आता मतभेद उरला नाही. परंतु हे सामर्थ्य काम मिळविण्याच्या विद्येतून येते काय? ती विद्या तर मुख्यतः दुसऱ्याला सोयीचे होण्याची विद्या आहे. आपल्या रंगभूमीवर ज्यांनी नकार दिले, ते कोणत्या बळावर दिले हे पाहू या. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडून नाटकाला पूर्णवेळ वाहून घेतले, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आले. त्यांनी दाखविलेले धैर्य असामान्य होते. पण त्यापूर्वीची दीड-दोन तपे हौशी आणि प्रायोगिक नाटकांत त्यांनी जी मनाजोगी कामे केली, ती करताना पोटाचा प्रश्न दवाखान्याने सोडविलेला होता.

आणि ही गोष्ट एकट्या डॉक्टरांची नाही. मुंबईतल्या मराठी नटांच्या दोन पिढ्या बँकांत, विमा कंपन्यांत, मंत्रालयात, बेस्टमध्ये नोकरीला होत्या. साडेपाचला कचेरी सुटे, साडेसहाला तालीम सुरू होई. शनिवारी-रविवारी शिवाजी मंदिरात प्रयोग. दौरा असला की रजा, आणि साहेब नाटकवेडा असला तर रजेशिवायही मोकळीक. आंतरबँक नाट्यस्पर्धा होत. कचेरीला आपल्या नटाचा अभिमान असे. सांगलीच्या अधिपतींनंतर मराठी रंगभूमीला राजाश्रय मिळाला नाही असे आपण समजतो. मला वाटते तो मिळाला, फक्त तो एक तारखेच्या पगाराच्या रूपाने मिळाला आणि कोणी त्याला आश्रय असे म्हटले नाही. 'छबिलदास' शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटके झाली, ज्यांत एका छदामाची आशा नव्हती, ती करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची घरे या पगारावर चालत होती. तशा नोकऱ्या आता सहसा मिळत नाहीत. आणि ज्यांना नोकरी आहे त्यांना मालिकेत काम करता येत नाही, कारण घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर महिन्यातले वीस-पंचवीस दिवस, दिवसाचे बारा-बारा तास हजर राहून कचेरी सांभाळणे कोणालाही शक्य नाही. म्हणजे जो आधार घेऊन नट नाही म्हणू शकत होता तो काढून घेतल्यावर, आता आपण त्याला सांगत आहोत की, तुझा आधार तूच हो. ज्याच्या घरी वडिलांचे पेन्शन आहे किंवा दादरला स्वतःची जागा आहे, त्याला ते साधेल. मग आपल्या रंगमंचावर कोणत्या घरांतली मुले उरतील आणि कोणत्या घरांतली गळतील, याचा विचार करा. आणि ज्या बोली, जे देह, जे दुःख त्या गळालेल्या मुलांबरोबर गळून जाईल, ते कोणत्या भूमिकांतून परत आणणार आहात?

व्यवसायवादी : कचेरीच्या पगाराविषयी आपण जे बोललात ते मी असे कधी मांडून पाहिले नव्हते. पण त्यावरून मला असे दिसते की, त्या पिढीने न बोलता जे केले तेच मी आज बोलून दाखवीत आहे. बँकेत नोकरी करून रात्री तालमीला जाणारा नट आपली कला विकत नव्हता. तो आपला दिवस विकून आपली संध्याकाळ विकत घेत होता. आजच्या नटाने तेच करावे. डबिंगचे काम आहे, शाळांतून नाट्यवर्ग घेण्याचे काम आहे, निवेदन आहे, ध्वनिपुस्तकांचे वाचन आहे. एका मालिकेत सहा महिने राबून वर्षभराची तरतूद करणारे आणि मग मनासारख्या नाटकासाठी मोकळे राहणारे लोकही मला माहीत आहेत. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'ने नावारूपास आले, पण १९७१ साली 'सोंगाड्या' काढून ते स्वतःच निर्माते झाले, आणि मग त्यांना कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही. धंदा करणे म्हणजे आपला चेहरा विकणे, ही माझी पहिली मांडणी तोकडी होती असे वाटत असेल तर मी ती अशी दुरुस्त करतो की, धंदा करणे म्हणजे आपल्यासाठी वेळ विकत घेणे. तो वेळ रियाजात घालवावा, वाचनात घालवावा, वाचिक अभिनयाच्या साधनेत घालवावा. हीही अखेर भांडवलाची गुंतवणूकच आहे.

साशंक : ही दुरुस्ती मी आनंदाने स्वीकारली असती, पण शेवटच्या वाक्याने आपण जे दिले ते परत घेतलेत. रियाज ही गुंतवणूक म्हटली की, ज्या रियाजाचा परतावा दिसत नाही तो आधी थांबतो. जी भूमिका कोणी देऊ केलेली नाही आणि कदाचित कधीच देणार नाही, ती सहा महिने मनात घोळवीत राहणे. एसटी स्टँडवर बसून माणसे कशी वाट पाहतात हे उगाच पाहत राहणे. आपल्या आजोळची बोली नाहीशी होत चालली म्हणून ती कानांत साठवून ठेवणे. हे जमाखर्चात कोणत्या रकान्यात मांडाल? जो नियमाने जमाखर्च लिहितो त्याला मांडता न येणारी गोष्ट हळूहळू अपव्यय वाटू लागते, यात त्याचा दोष नाही; तो त्या सवयीचा धर्म आहे. आज तर आणखी एक आकडा त्याच्यापुढे नाचविला जातो. समाजमाध्यमांवर तुझे फॉलोअर किती, असा प्रश्न भूमिका देताना विचारला जातो, आणि मग सकाळी उठल्यावर आवाज लावण्याऐवजी तो चित्रफीत टाकतो. दुसरा आपल्याला ज्या मापाने मोजतो, त्या मापाने आपण स्वतःला मोजू लागणे हा नटाचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि आपल्या शास्त्रापाशी त्यावर औषध आहे असे मला दिसत नाही.

आणि एक विचारतो. बोलपट आले, मंडळ्या मोडू लागल्या, तेव्हा १९३५ साली बालगंधर्व प्रभातमध्ये गेले, 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथ केले, आणि ते पुन्हा नाटकाकडे परतले. समोर माणसे नसताना गाणे आणि बोलणे हे त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही. तुमच्या त्या संध्याकाळी जमाखर्च विचारणाऱ्या निष्ठुर माणसाने त्यांना काय सांगितले असते? चित्रपटात राहा, पैसा तेथे आहे, काळ तिकडे चालला आहे. त्याचा सल्ला हिशेबाने अगदी बरोबर ठरला असता. पण तो सल्ला मानणारा मनुष्य बालगंधर्व राहिला असता काय?

व्यवसायवादी : हिशेबनीस म्हणून विचारलेत तर तो निर्णय चुकला असे मी म्हणेन; आणि ज्याने त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका लहानपणापासून ऐकल्या आहेत असा मनुष्य म्हणून विचारलेत तर मला तसे म्हणवत नाही. या दोन उत्तरांचा मेळ मला घालता येत नाही हे मी मान्य करतो. परंतु आपण त्या नकाराकडे पाहताना केवळ नकार देणाऱ्याकडे पाहता. मंडळी कर्जात असताना पडदे ओढणाऱ्याचा, पेटीवाल्याचा, आचाऱ्याचा पगार कोणत्या महिन्याला थकला आणि किती थकला, हेही कोणी तरी विचारले पाहिजे. कलावंताने आपल्या निष्ठेपायी स्वतः उपाशी राहावे हा त्याचा अधिकार. त्या निष्ठेचा खर्च दुसऱ्याच्या चुलीवर पडत असेल तर तो अधिकार कोठपर्यंत पोहोचतो? मी हिशेबाचा आग्रह धरतो तो पैशाच्या लोभाने धरीत नाही; कोणाच्या कलेचे मोल कोण चुकते करतो आहे हे स्पष्ट दिसावे म्हणून धरतो.

साशंक : हा प्रश्न आपण योग्य जागी आणून ठेवलात, आणि तो माझ्याही बाजूला तितकाच लागू पडतो हे मला कबूल केले पाहिजे, कारण आजच्या नटाचे मोल त्याची बायको नोकरी करून चुकते करते, त्याचे आईवडील शेत गहाण टाकून चुकते करतात, आणि आम्ही प्रेक्षक मात्र प्रयोग झाल्यावर आत जाऊन त्याचा हात हातात घेतो आणि घरी जातो. तेव्हा नटाने धंदा करावा की नाही हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. हा जमाखर्च त्याच्या एकट्याच्या वहीत का असावा, हा खरा प्रश्न आहे. निर्मात्याच्या वहीत त्याच्या तालमीचे दिवस का नाहीत, वाहिनीच्या वहीत त्या ९० दिवसांचे व्याज का नाही, आणि ज्या समाजाला आपल्या रंगभूमीचा एवढा अभिमान आहे त्याच्या वहीत या मुलाच्या नावाचे पान का नाही?

व्यवसायवादी : ती पाने लिहिली जावीत म्हणून आपण दोघांनी मिळून भांडावे, याला माझी पूर्ण संमती आहे. परंतु ती लिहिली जाईपर्यंत जी माणसे आज या वाटेने चालली आहेत त्यांना काय सांगावयाचे? समजा, एका मुलीपुढे एकाच आठवड्यात दोन कामे आली. एक मालिका, एक वर्षाचा एक्सक्लुझिव्ह करार, नायिकेच्या नणंदेची भूमिका; आणि दुसरे एक नवे नाटक, दोन महिन्यांची विनामोबदला तालीम, पुढे दहा-पंधरा प्रयोग झाले तर झाले, पण भूमिका अशी की तशी पुन्हा दहा वर्षांत येईल की नाही सांगता येत नाही. घरी धाकटा भाऊ शिकतो आहे. मी तिला सांगेन की, मालिकावाल्यांकडे महिन्याचे चार दिवस नाटकासाठी लेखी माग, आणि आधी माग, सही झाल्यावर नको.

साशंक : ते देणार नाहीत.

व्यवसायवादी : बहुधा देणार नाहीत. पण मग आपण काय सोडले आणि कोणत्या भावाने सोडले, हे तिला ठाऊक असेल. तेवढेच मला शिकविता येते. आपण तिला काय सांगाल?

साशंक : नाटक कर, असे सांगावे असे माझ्या मनात आहे, पण तिच्या भावाची फी मी भरणार नसेन, तर ते सांगण्याचा मला अधिकार आहे की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.